उलव्यातला रिकामा प्लॉट, डोंबारी चंडोलाचं घरटं आणि पाच जूनचे खड्डे

प्रकरण असं आहे. उलव्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून एक मोठा मोकळा प्लॉट आहे, मुरुमाचा भराव टाकून सपाट केलेला आणि वर्षानुवर्षं तसाच पडलेला, मालकी आमची नाही आणि कधीतरी तिथे टॉवर उभा राहणार हे सगळ्यांना माहितीये. 2025 च्या मे महिन्यात कमिटीने ठरवलं की पाच जूनला, पर्यावरण दिनाला, तिथे झाडं लावायची. रीतसर विचारून घेतलं, वर्गणी निघाली, रोपं सांगून ठेवली, खड्डे मारायला माणसं ठरली. आणि त्याच सुमारास कळलं की प्लॉटच्या जवळजवळ मधोमध डोंबारी चंडोलाचं घरटं आहे, अंडी घातलेलं. पुढे काय काय झालं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण नवी मुंबईत असे प्लॉट पण ढीगभर आहेत आणि अशा कमिट्या पण.

आधी पक्षी कुठला ते. इंग्रजी पुस्तकात बघायचा तर अ‍ॅशी-क्राउन्ड स्पॅरो-लार्क. चिमणीपेक्षाही लहान, बारा-तेरा सेंटीमीटर, बसका, जाड चोचीचा. नराचं डोकं राखाडी, गाल पांढरट, आणि डोळ्यावरून जाणारी काळी पट्टी खाली येऊन सगळं पोट काळं. बहुतेक पक्षी वरून गडद आणि खालून फिके असतात, हा बरोबर उलटा, त्यामुळे एकदा ओळखला की चुकत नाही. मादी मात्र मातकट, रेषारेषांची, इतकी साधी की आमच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "अहो ताई, चिमणी आहे ती." आता चिमणी आपल्या ग्रिलवर येते, ट्यूबलाइटच्या मागे काड्या घालते, झाडावर कलकलाट करते. डोंबारी यातलं काही करत नाही. झाडावर तर तो जवळजवळ बसतच नाही. त्याचा सगळा संसार जमिनीवर, चालणं जमिनीवर, बिया आणि किडे वेचणं जमिनीवर, झोपणं जमिनीवर, अंडी जमिनीवर. जवळ गेलं तर लगेच उडतही नाही, दबून बसतो, आणि मुरुमावर असा काही मिसळून जातो की दहा पावलांवर असलेला पक्षी नजरेतून निसटतो.

हवेत जातो तो विणीच्या दिवसांत, नर, मादीला आणि शेजारच्या नरांना दाखवायला. सरळ वर चढतो, शंभरेक फुटांपर्यंत, मग पंख मिटून नाकावर खाली येतो, आता आपटणार असं वाटतं तेवढ्यात पंख उघडून पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि प्रत्येक सूर मारताना एक लांब शिटी. असं चार-पाच वेळा करून शेवटी एखाद्या दगडावर नाहीतर ढेकळावर येऊन बसतो आणि जणू काही झालंच नाही असा इकडेतिकडे बघतो. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून हे सगळं नजरेच्या पातळीला दिसतं, त्यासाठी जंगलात जायची गरज नाही.

आता प्रश्न असा की एवढ्या ओसाड भरावावर हा आलाच कसा. उलव्याची जुनी माणसं सांगतात की इकडे भातशेती आणि खाजण, म्हणजे खाडीची खारट दलदल, होतं. शहर आखलं गेलं, भराव पडला, रस्ते झाले, 2018 मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, 2024 मध्ये अटल सेतू उघडला, डिसेंबर 2025 पासून तर विमानं पण उडायला लागली. या सगळ्या काळात मधले कित्येक प्लॉट नुसते सपाट करून ठेवलेले. आपल्याला तो उजाडपणा वाटतो. पण डोंबारीला काय लागतं बघा: उघडी, खडे-मातीची जमीन, मध्ये मध्ये गवताचा विरळ पुंजका, उंच काही नको, दाट काही नको. नांगरून ठेवलेलं शेत, नदीचं कोरडं पात्र, खाडीकाठची वाळलेली चिखलवट, माळ, या त्याच्या जागा. भरावाचा प्लॉट नेमका तसाच. त्यात आमच्या प्लॉटवर गावातल्या एका दादांच्या म्हशी आणि बकऱ्या चरायच्या, त्यामुळे पावसाळ्यात वाढलेलं गवत जानेवारीपर्यंत खुरटं होऊन जायचं. दादांना मी पक्ष्याबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "ही पाखरं पयल्यापासून हायत, शेतात पन असायची." म्हणजे शेतं गेली तसे हे भरावावर सरकले. बांधकाम थांबलेल्या शहराने चुकून यांना जागा दिली असं म्हणा.

घरटं सापडलं ते शोधून नाही, आणि शोधायचंही नसतं. जमिनीवरचं घरटं शोधायला फिरणं म्हणजे स्वतःच ते तुडवण्याची शक्यता, वर कुत्र्यामांजरांना आपल्या वासाची वाट दाखवणं. जिन्यातून दुर्बिणीने बघताना दिसलं की मादी दर वेळी एकाच भागात उतरते पण घरट्यावर कधीच नाही, बऱ्याच अंतरावर उतरते आणि मग सुरसुर चालत, थांबत, वाकडीतिकडी जाते. थोड्या वेळाने त्याच भागातून नर निघतो. अंडी उबवणं दोघांच्या पाळ्यांनी चालतं, तेरा-चौदा दिवस. घरटं म्हणजे एका ढेकळाच्या आडोशाला उथळ खळगा, आत बारीक गवत, आणि काठाला छोटे खडे मांडलेले. हे खडे मांडणं डोंबारीचं नेहमीचं आहे. आत दोन अंडी होती, फिकट, तपकिरी ठिपक्यांची. हे कळलं कारण गवत कापायला आलेल्या माळीदादांच्या पायाखालून मादी उडाली आणि ते शहाणपणाने जागच्या जागी थांबले, एक फोटो काढला आणि आल्या पावली मागे फिरले. भर दुपारी तर बसलेला पक्षी अंड्यांवर टेकत पण नव्हता, पंख थोडे सोडून नुसता सावली धरून उभा, चोच उघडी. मे महिन्यातल्या उलव्याच्या मुरुमावर अंडी गरम करायची नसतात, गार ठेवायची असतात.

तर अशा जागी खड्डे येणार होते, दोन फूट बाय दोन फूट, ओळीने, सगळ्या प्लॉटभर.

मीटिंग झाली. मी सगळ्यांच्या नावानिशी लिहीत नाही पण सूर सांगते. एक गट म्हणाला घरटं उचलून बाजूला ठेवू, टोपलीत घालून कंपाउंडला लावू. हे प्रेमानेच म्हटलेलं होतं पण करायचं नसतं. जमिनीवर घरटं करणारे पक्षी ती जागा ओळखतात, हलवलं की सोडून देतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी-घरटी विचलित करणं येतं, हे सांगितल्यावर टोपलीचा विषय संपला. दुसरा गट म्हणाला भोवती जाळी लावू, बोर्ड लावू, मुलांना दाखवू. हे मला जास्त घातक वाटलं. मोकळ्या मैदानात मध्येच चार खांब रोवले की त्यावर पहिला बसतो कावळा. आणि बोर्ड लावला की रविवारी कॅमेरेवाले. सीवूड्स-नेरुळकडे फ्लेमिंगोंच्या मागे किती गर्दी असते ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यातले चार जरी इकडे वळले असते तरी त्या दोन अंड्यांचं आमलेट झालं असतं. म्हणून जागा कुणालाच सांगायची नाही, फोटो ग्रुपबाहेर जाणार नाही, एवढं तरी ठरवून घेतलं. तिसरा गट, आणि हा सगळ्यात मोठा, म्हणाला की ठीके ना, पिल्लं उडेपर्यंत थांबू, मग लावू झाडं, दहा-पंधरा दिवसांनी काय फरक पडतो.

हा तिसरा पर्याय ऐकायला इतका समंजस होता की मला त्याच्याविरुद्ध बोलायला शब्द सुचेनात. पण खरा घोळ तिथेच आहे. घरट्याचा प्रश्न पंधरा-वीस दिवसांचा असतो, जागेचा प्रश्न कायमचा. पिल्लं उडाल्यावर त्या मैदानात गुलमोहर, पेल्टोफोरम, रेनट्री लावले की पुढच्या वर्षीपासून डोंबारी तिथे येणारच नाही, मग आपण थांबलो काय आणि नाही थांबलो काय. झाडं त्याला सावली देत नाहीत, त्याच्या वैऱ्यांना बैठक देतात. कावळा, शिकरा, खाटीक पक्षी, सगळे उंचावरून जमीन न्याहाळतात, त्यामुळे माळावरचे पक्षी उंच गोष्टींपासून लांबच घर करतात. आणि हे फक्त डोंबारीचं नाही. त्याच प्लॉटवर तिरचिमणी आहे, टिटवी आहे, पावसाळ्यानंतर गवताला बी धरलं की लाल मुनियांचे थवे असतात, हिवाळ्यात गप्पीदास येऊन काटक्यांच्या शेंड्यावर बसतो. यातल्या एकालाही रेनट्री नकोय. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सचा 2023 चा अहवाल आला त्यातही देशभरात जे पक्षी जोरात घटताना दिसले त्यात मोकळ्या, गवताळ जागांवरचे पक्षी ठळक होते. कोकिळा, मोर वगैरे वाढतायत. माळावरचे कमी होतायत.

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि मग सेक्रेटरी काका म्हणाले, "म्हणजे तू झाडांच्या विरोधात आहेस का?" यावर काय बोलणार. ज्या शहरात सगळं काँक्रीट आहे तिथे झाड हे पुण्याचं काम, आणि पुण्याच्या कामाला नाही म्हणणारी बाई संशयास्पदच वाटणार. खरं सांगायचं तर मला काकांचा राग आला नाही, आमच्या अंगणात जी काही सावली आहे ती त्यांनीच लावलेल्या झाडांची आहे.

गाडी फिरली ती वेगळ्याच मुद्द्यावर. माळीदादांनी विचारलं की तिथे झाडं जगणार कशी. रोलर फिरवलेला मुरुम, पाणी खाली मुरत नाही, आणि चार-सहा फूट खाली गेलं की जुन्या खाजणाची खारट माती. दोन वर्षांपूर्वी समोरच्या सेक्टरमध्ये कुणीतरी हौसेने लावलेली रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली, त्यांचे वाळलेले बांबू अजून उभे आहेत. जगवायची तर तीन उन्हाळे टँकर. टँकरचा हिशेब खजिनदारांनी तिथेच मोबाईलवर केला आणि सगळे गप्प झाले. पक्ष्याचा मुद्दा हरला, टँकरचं बिल जिंकलं. असंच होतं बहुतेक, त्यामुळे कुणाला अशी केस लढवायची असेल तर पक्ष्याच्या आधी पाण्याचा हिशेब घेऊन जा.

मग ठरलं ते असं. झाडं लावायची पण प्लॉटच्या मध्ये नाही. आमच्या कंपाउंडच्या बाहेरून सर्व्हिस रोडला एक ओळ आणि नाल्याच्या कडेला एक ओळ, जिथे भराव पातळ आहे आणि ओल राहते. झाडंही बदलली, भेंड, करंज आणि उंडी, तिन्ही किनाऱ्याकडची, खारं वारं आणि खारी माती सोसणारी. संख्या निम्म्याहून कमी झाली, त्यामुळे वर्गणीतले उरलेले पैसे पाण्याला आले. मधली जागा तशीच ठेवायची. खड्ड्यांची माणसं आली त्या दिवशी मुकादमाला आधीच चुना टाकून हद्द दाखवली होती, घरट्याभोवती नाही बरं का, तिथे गेलो असतो तर सगळ्या मेहनतीवर पाणी, फक्त रस्त्याच्या आणि नाल्याच्या कडेने रेघ, आणि रेघेच्या आत कुणी जायचं नाही एवढंच सांगितलं. कारण सांगितलं की आत केबल आहे. हे मी सुचवलं नव्हतं, काकांनी सांगितलं, आणि जाम चाललं.

आता गंमत बघा, की दुर्दैव म्हणा. सगळी चर्चा पाच जून डोळ्यासमोर ठेवून चाललेली आणि पाऊस आला 26 मे ला. त्या वर्षी मुंबईत मान्सून नोंदींमधला सगळ्यात लवकर पोचला, कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा 107 वर्षांचा विक्रम त्याच दिवशी मोडला. एरवी मान्सून आपल्याकडे जूनच्या दहा-अकरा तारखेला धरतात, म्हणजे डोंबारीच्या जोडीकडे एरवी पुरेसा वेळ होता. दाबलेल्या मुरुमावर पाणी मुरत नाही हे माळीदादांनी सांगितलंच होतं, ते झाडांच्या बाबतीत खरं तसं अंड्यांच्याही. सकाळी मधल्या भागात घोट्याएवढं तळं होतं. पाणी ओसरल्यावर दुर्बिणीतून पाहिलं तर ढेकूळ विरघळून सपाट झालेलं, जोडी प्लॉटच्या उंच कडेला दाणे टिपत होती, एकत्रच, पण त्या जागेकडे दोघांपैकी कुणी फिरकत नव्हतं. घरटं गेलं.

जमिनीवर घरटं करणाऱ्यांचं हे नेहमीचंच गणित आहे, बरीच घरटी जातात, कधी पावसाने, कधी मुंगसाने, कधी कुत्र्याने, म्हणून तर ते एका मोसमात पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. म्हणूनच जागा शाबूत असणं महत्त्वाचं. पण ग्रुपवर त्याच संध्याकाळी मेसेज आला, घरटं गेलं ना, मग आता मध्ये लावायला काय हरकत आहे? रोपवाटिकेतून मूळ ऑर्डर अजून रद्द झालेली नव्हती. इथे जे दोन-तीन दिवस गेले ते अख्ख्या प्रकरणातले सगळ्यात अवघड, कारण आता दाखवायला अंडी पण नव्हती. अंडी असली की लोक हळवे होतात. रिकाम्या मुरुमाकडे बघून कोण हळवं होणार.

मदतीला आला पावसाचाच खंड. मे च्या शेवटी मान्सून थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत, आणि त्या कोरड्या दिवसांत नर पुन्हा वर चढून सूर मारायला लागला. पाच जूनला सकाळी कडेला झाडं लावायला सगळी सोसायटी जमली होती, मुलं, आज्या, सगळे, आणि डोक्यावर हा कार्यक्रम चालू. मी काही भाषण केलं नाही. एका चौथीतल्या मुलाने आजोबांना विचारलं हा पडत कसा नाही, आणि त्यानंतर मधल्या जागेचा विषय कुणी काढला नाही. ऑर्डर रद्द झाली. पुढे पुन्हा घरटं झालेलं दिसलं नाही, पाऊस परत सुरू झाला आणि प्लॉट टाकळ्याने आणि कुर्डूने भरून गेला. गावातल्या बायका नेहमीसारख्या भाजी खुडायला आल्या, आम्हालाही एक जुडी मिळाली.

पावसाळाभर डोंबारी तिथे नव्हते, गवत कमरेएवढं झाल्यावर त्यांना तिथे काम नसतं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं, म्हशी फिरल्या, आणि जानेवारीत दहा-बारांचा छोटा थवा दाणे टिपताना दिसला, विणीचा मोसम नसताना ते असे थव्याने असतात. फेब्रुवारीत थवा फुटून जोड्या झाल्या, दोन नर प्लॉटच्या दोन टोकांना सूर मारत होते. कडेच्या झाडांपैकी भेंड सगळ्यात छान लागलीय, करंज ठीक, उंडी हळू वाढतेय पण हिरवी आहे.

सगळं गोड झालं असं नाही. नाल्याच्या बाजूने रात्री कुणीतरी राडारोड्याचे दोन डंपर ओतून गेलं, त्या ढिगावर आता कावळे बसतात आणि त्या टोकाचा नर मध्ये सरकलाय. रात्रपाळीच्या वॉचमनने फेब्रुवारीत कोपऱ्यातलं वाळलं गवत पेटवलं, सापांच्या भीतीने, नशीब वाऱ्याची दिशा उलटी होती. त्याच्याशी बोललो, त्याचं म्हणणंही खोटं नाही, घोणस निघते इकडे, म्हणून त्याच्या केबिनभोवतीची पट्टी तेवढी कापून द्यायची ठरली. आणि टॉवर येणारच आहे. मोजणीवाले येऊन गेलेत, खुणा मारून गेलेत. ते थांबवायची आमची ताकद नाही, कायदेशीर हक्कही नाही, आणि मला वाटतं तसा आव आणण्यातही अर्थ नाही. कमिटीने एवढंच पत्र तयार ठेवलंय की काम सुरू करायचं असेल तर जमीन साफ करणं नोव्हेंबर ते जानेवारीत करा, फेब्रुवारीनंतर नको, म्हणजे अंड्यांवरून पोकलेन जाणार नाही आणि जोड्यांना आधीच दुसरी जागा धरता येईल. ज्याला प्लॉट मिळेल त्याला ते पहिल्या आठवड्यात द्यायचं, सोबत माळीदादांचा तो फोटो लावून. पत्रावर सही काकांची आहे.